शेवटच्या डीपीपासून पारसपर्यंत

वीज यंत्रणेवरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, सुरुवात वीज केंद्रापासून होते. आधी बॉयलर, टर्बाइन, जनित्र. मग उंच मनोरे, उपकेंद्रं. आणि सगळ्यात शेवटी, पानाच्या खालच्या कोपऱ्यात, एक छोटासा बाण. त्या बाणाशेजारी लिहिलेलं असतं : भार. माझी भाची अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेला आहे. तिच्या वहीतल्या एकरेषीय आकृतीत असाच एक बाण होता, ‘कृषी भार’ नावाचा, आणि पुढे मेगावॉटमधला एक आकडा. हा आकडा आला कुठून, असं विचारलं तर म्हणाली, “मामा, तो दिलेलाच असतो.” तेव्हाच ठरलं, प्रवास उलटा करायचा. आधी तो बाण बघायचा आणि तिथून वर चढत जायचं. बाणाचं ठिकाणही समोरच होतं : वरुड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट. जमिनीखालचं पाणी, संत्र्याचं झाड आणि विजेची तार या तिघांची इतकी घट्ट गाठ वऱ्हाडात दुसरीकडे क्वचितच पडली असेल.

जानेवारीचा उत्तरार्ध होता. अमरावतीहून निघालं की नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या चिमण्या दिसू लागतात. प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॉट. या केंद्राला कोळसा रेल्वेने येतो आणि पाणी येतं मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. त्याच धरणाच्या पाण्यावर शेतकऱ्याचाही डोळा असतो, म्हणून या चिमण्यांभोवती पाण्याचा वाद अनेक वर्षं धुमसत राहिला. मला हा वाद रास्त वाटतो. औष्णिक केंद्राची वीज म्हणजे कोळशाइतकंच पाणीही असतं आणि पावसावर जगणाऱ्या मुलखात त्याचा हिशेब कुणीतरी मागायलाच हवा.

मोर्शी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात. बेनोडा, जरूड, वरुड. आणि वरुडहून उत्तरेला वळलं की समोर सातपुड्याची निळसर रांग. तिच्या पायथ्याशी शेंदूरजनाघाट. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेशातला बैतूल जिल्हा आणि वर्धा नदीचा उगम असलेला मुलताईचा परिसर. गाव नगरपरिषदेचं असलं तरी जीव सगळा शेतीत. इथल्या रोपवाटिकांची ख्याती मोठी आहे : जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधून केलेल्या कलमा इथून दूरदूर जातात. रस्त्याकडेच्या वाफ्यांत गुडघाभर उंचीच्या कलमा रांगेनं उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावरून तीन तारा गेलेल्या. भाचीनं गाडीतूनच खांब मोजायला सुरुवात केली.

आम्हाला हवी होती ती डीपी एका शिवाराच्या टोकाला होती. दोन खांबांच्या मधे बसवलेलं रोहित्र. पण रोहित्र हा शब्द बिलावर. बोलताना सगळे डीपीच म्हणतात. पाटीवर ६३ केव्हीए लिहिलेलं. वर ११ हजार व्होल्टच्या तीन तारा येतात, खाली ४३३ व्होल्टच्या निघतात आणि बांधाबांधानं, लाकडी बल्ल्यांच्या आधारानं विहिरी-बोअरवर पोचतात. शेजारच्या बागेच्या मालकानं आम्हाला चहा दिला आणि आपल्या स्टार्टरच्या पेटीपाशी नेलं. थ्री फेज यायला थोडा अवकाश होता. सिंगल फेजवर घरातला दिवा जळतो, पण मोटार चालत नाही. मोटारीला तिन्ही फेज लागतात. गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर जिथे वेगळे झाले आहेत तिथे घरात चोवीस तास दिवा असतो आणि शेतीला ठरलेले आठ तास. आठवड्यात काही दिवस ते आठ तास दिवसा येतात, काही दिवस रात्री.

“रातची पाळी आली का लय बेकार,” ते म्हणाले. “साप-इच्चू हाय, डुकरं हाय, पहाडातून बिबट उतरते. पण झाडाले काय सांगता? आता ताण तोडला, आता पाणी नाही भेटलं तं बार गयते.”

तेवढ्यात लाईन आली. वऱ्हाडात वीज येत नाही, लाईन येते. पेटीत खट् असा आवाज झाला, कुणी हात न लावता मोटार उठली आणि त्याच क्षणी शिवारातल्या बाकीच्या मोटारीही उठल्या. दूरवर एक बोअर नुसतीच घुमत राहिली. भाचीनं मल्टिमीटर लावला होता. आकडा ४१० च्या आसपास उमटला आणि डोळ्यांदेखत तीनशेच्या खाली कोसळला. काही सेकंदांनी सावरून ३५० च्या वर स्थिरावला. ती पेटीकडे बघत म्हणाली, “हे आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं.”

पाच एचपीची पाणबुडी मोटार चालताना साधारण पाच किलोवॉट घेते. ४१५ व्होल्टला, ०.८ पॉवर फॅक्टर धरला तर नऊ अँपिअरच्या थोडं आत. ६३ केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता ८४ अँपिअर, म्हणजे नऊ-दहा मोटारी चालल्या की डीपी भरली. मात्र चालू होताना हीच मोटार पाच-सहा पट करंट ओढते. दहा मोटारी एकदम उठल्या की काही क्षण पाचशे अँपिअरच्या आसपास मागणी जाते. व्होल्टेज कोसळतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं की जोर निम्म्यावर येतो. जी मोटार आधीच खोल पाण्यावर बसलेली आहे ती मग उठतच नाही, घुमत राहते, तापत राहते आणि वाइंडिंग जळतं. मोटारी अशा एकदम उठतात त्या स्टार्टरमधल्या ‘ऑटो’मुळे. लाईन आली की मोटार आपोआप सुरू करणारं हे छोटं उपकरण काढून टाका, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आली आहे. सांगणं बरोबर आहे. पण रात्री बाराला लाईन येणार असेल तर थंडीत उठून बोअरपर्यंत कोण जाईल? ‘ऑटो’ बसवणाऱ्याला बेशिस्त म्हणण्याआधी त्याचं वेळापत्रक बघावं. रात्रीचा पुरवठा हा ज्या आराखड्यातला निर्णय आहे, त्याच आराखड्यातून हे उपकरण जन्माला आलंय.

एकदा मोटारी चालू लागल्या तरी दुखणं संपत नाही. व्होल्टेज ४१५ वरून ३२० वर आलं तर पंप आपलं काम जवळपास तेवढंच मागतो. म्हणून करंट नऊवरून अकरा-साडेअकरावर जातो. करंट तीस टक्के वाढला की तारेतला तोटा जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढतो, कारण तोटा करंटच्या वर्गाप्रमाणे चालतो. तोटा वाढला की व्होल्टेज आणखी पडतं. दोन केव्हीएआरचा एक साधा कपॅसिटर प्रत्येक मोटारीला लावला, तर तारेतला करंट पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरतो. एवढंसं डबडं! पण ते लावायचं माझ्या मोटारीला आणि फायदा साऱ्या डीपीला. त्यामुळे एकट्यानं लावून फारसं साधत नाही, सगळ्यांनी मिळून लावलं तरच डीपी वाचते. त्या शिवारातल्या पेट्यांवर कपॅसिटर तुरळकच दिसले.

“डीपी जयली का आठ-दहा दिवस गेलेच,” मालक म्हणाले. “अन थे दहा दिवस जर फुलोऱ्याचे असले, तं वर्षच गेलं समजा.”

बागेत फिरताना भाचीच्या वहीतला तो ‘दिलेला’ आकडा कसा बनतो ते हळूहळू उलगडत गेलं. वरुड तालुका भूजलाच्या शासकीय वर्गवारीत अतिशोषित आहे. लोक त्याला ड्राय झोन म्हणतात. पूर्वी विहिरीवर भागायचं, मग बोअर आल्या, मग त्या खोल होत गेल्या. आता हिशेब करा. पाच एचपीच्या मोटारीचे ३.७ किलोवॉट पंपाला मिळाले आणि पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर पाणी तीनशे फुटांवर असताना तासाला सुमारे सात हजार चारशे लिटर वर येतं. तेच सहाशे फुटांवर गेलं की तीन हजार सातशे. आठ तासांत तीस हजार लिटरही नाही. वीस बाय वीस फुटांवर लावलेल्या बागेत एकरी एकशे आठ-दहा झाडं बसतात. मोठ्या झाडाला ऐन उन्हाळ्यात ठिबकनं रोज शंभर लिटरच्या वर पाणी लागतं. एकशेवीस धरलं तर एकराला तेरा हजार लिटर. म्हणजे तीनशे फुटांवरचं पाणी त्याच मोटारीवर साडेचार एकर जगवतं आणि सहाशे फुटांवरचं जेमतेम सव्वादोन. उरलेल्या झाडांसाठी एक तर मोटार मोठी करायची किंवा जास्त तास चालवायची. दोन्हींचा अर्थ एकच : जमिनीखालचं पाणी जेवढं उतरतं तेवढा डीपीवरचा भार चढतो. कुठल्याही भार-अंदाजाच्या सूत्रात हा फुटांचा आकडा मी पाहिलेला नाही. शेंदूरजनाघाटच्या फीडरसाठी मात्र तोच पहिला असायला हवा.

दुसरी गोष्ट बहाराची. संत्र्याचे इथे दोन बहार, आंबिया आणि मृग. आंबियासाठी डिसेंबरात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात. पानं मलूल होतात, झाड थांबतं. जानेवारीत ताण तोडतात, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करतात, आणि मग नवती आणि फुलं येतात. ज्याच्या बोअरला उन्हाळा काढायचा भरवसा नाही तो मृग बहाराकडे वळतो : उन्हाळ्यात ताण, जूनच्या पावसावर फुलोरा, फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. आता एखाद्या फीडरवर आंबियाच्या बागा जास्त असतील तर त्याचा भार डिसेंबरात खाली बसणार आणि जानेवारीच्या मध्यानंतर, पंधरवड्याच्या आत, ताठ उभा राहणार, कारण सगळ्यांचा ताण एकाच हवामानावर तुटतो. शेजारच्याच गहू-हरभऱ्याच्या फीडरवर नेमकं उलटं चित्र, डिसेंबर सगळा भरलेला. दोन्ही फीडर एकाच उपकेंद्रातून निघतात आणि कागदावर दोघांचं नाव ‘कृषी’. बागाइतदाराला हे कॅलेंडर तोंडपाठ असतं. ते अभियंत्याच्या टेबलावर पोचत नाही, एवढीच अडचण.

भाचीनं विचारलं, की मीटर असेलच ना, त्यावरून युनिट कळतील. तिथेच सगळ्यात मोठं भोक आहे. महाराष्ट्रात असंख्य कृषिपंपांना आजही मीटर नाही. बिल एचपीवर लागतं. मग वापर ठरवतात तो फीडरच्या तोंडाशी किती युनिट शिरली त्यावरून आणि त्यातून तारेतला तोटा वजा करून. पण तोटा किती, हे कळायला वापर माहीत हवा. आणि वापर काढायला तोटा माहीत हवा. वजाबाकी कुठल्या बाजूनं करायची यावर वीज नियामक आयोगापुढे कितीतरी वर्षं घमासान चर्चा झाली आहे. आता ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने’त एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं, म्हणजे सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांचं, बिल शासन भरतं. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण ज्या मीटरवर बिलच येणार नाही तो कोण जपणार? मला काळजी आहे ती पैशाची नाही, मापाची. जे मोजलं जात नाही त्याचा आराखडा करता येत नाही. आणि ज्याचा आराखडा नसतो, ती डीपी दर फुलोऱ्यात जळत राहते.

दुपारनंतर आम्ही ३३/११ केव्हीच्या एका उपकेंद्रावर गेलो. कुंपणाच्या आत बारीक गिट्टी पसरलेली, मधे दोन पॉवर ट्रान्सफॉर्मर, त्यांची गुणगुण आणि एका खोलीत पॅनेलची रांग. टेबलावर लॉगशीट : दर तासाला प्रत्येक फीडरचा करंट, व्होल्टेज, ट्रिपिंग. हातानं लिहिलेलं, एका ओळीत एक तास. ऑपरेटरनं जानेवारीची पानं उलटून दाखवली आणि बागांच्या फीडरचा करंट मकरसंक्रांतीनंतर कसा चढत गेला ते बोट ठेवून सांगितलं. आम्ही बागेत ऐकलेलं कॅलेंडर इथे अँपिअरमध्ये उमटलेलं होतं. भाचीनं ते रकाने उतरवून घेतले.

एक वयस्क लाईनमन तिथे बसले होते. तारांबद्दल विचारलं तर ते जनावरांची नावं घेऊ लागले. ॲल्युमिनियमच्या या तारांना आपल्याकडे जनावरांची नावं आहेत : बारीक ती वीझल, तिच्यावरची रॅबिट, मग डॉग, मोठ्या मनोऱ्यांवर पँथर, झेब्रा, मूस. “ताई, इथून निघते तवा रॅबिट हाय,” ते भाचीला म्हणाले, “पुढं नाल्यापलीकडं वीझल. अन सारा लोड नाल्यापलीकडंच.” त्यांच्या या एका वाक्यात फीडरचं अर्धं दुखणं आलं. वीझलचा रोध किलोमीटरला साधारण ०.९ ओहम, रॅबिटचा ०.५५, डॉगचा ०.२८. पंधरा किलोमीटर वीझलच्या टोकाशी साठ अँपिअरचा भार असेल तर ११ हजारातले जवळपास पंधराशे व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे साडेतेरा टक्के. नियमाला खाली नऊ टक्क्यांपर्यंतच सूट आहे. तोच साठ अँपिअर संपूर्ण लांबीवर सारखा पसरलेला असेल तर घट निम्मी, म्हणजे नियमात बसते. भार किती यापेक्षा तो कुठे आहे यावर सगळं ठरतं आणि ‘कुठे’ हे लाईनमनला माहीत असतं. नवीन डीपी मंजूर करताना नाल्याच्या अलीकडे की पलीकडे हा प्रश्न त्यांना विचारला, तर निम्मे घोटाळे टळतील असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी मुक्कामी भाचीनं लॅपटॉपवर फीडर उभा केला. ओपनडीएसएस नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेतल्या ईपीआरआय या संशोधन संस्थेनं २००८ मध्ये खुलं केलेलं. तारेची जात, लांबी, डीपीची जागा, प्रत्येकीवरचा भार एवढं लिहिलं की ते प्रत्येक खांबावरचं व्होल्टेज काढून देतं. एकेकाळी हेच काम करायला खोलीभर यंत्र लागायचं : १९२९ मध्ये एमआयटीत उभारलेल्या नेटवर्क ॲनालायझरमध्ये रोध, कॉइल आणि कपॅसिटर जोडून खऱ्या जाळ्याची छोटी प्रतिकृती करत आणि मीटर लावून मोजत. मग संगणक आले. १९६७ मध्ये टिनी आणि हार्ट या दोघांनी न्यूटनच्या पद्धतीनं भारप्रवाह सोडवण्याची वाट घालून दिली, ती आजही मोठ्या जाळ्यांत चालते. मात्र खेड्यातल्या बारीक, लांबलचक तारांवर ती पद्धत कधीकधी अडखळते, कारण इथे रोधाचं प्रमाण फार असतं. तिथे दुसरी, सरळ युक्ती वापरतात : टोकापासून सुरुवात करून प्रत्येक फांदीचा करंट बेरीज करत उपकेंद्रापर्यंत यायचं, मग उपकेंद्रापासून व्होल्टेज वजा करत टोकापर्यंत जायचं, उत्तर हलायचं थांबेपर्यंत हीच ये-जा. आम्ही दिवसभर जो रस्ता तुडवला होता त्याच रस्त्यानं गणितही चाललं होतं.

पहिलं उत्तर आलं ते मल्टिमीटरशी जुळेना. टोकाला ३८० व्होल्ट. तिनं प्रत्येक डीपीवर मंजूर भार घातला होता. मग बागाइतदारांनी सांगितलेला खरा भार घातला, पाच एचपीच्या परवानगीवर बसलेल्या साडेसातच्या मोटारी धरल्या, कपॅसिटर काढून टाकले. उत्तर ३५५ वर आलं. जवळ आलं होतं. नंतर तिनं दोन इलाज करून पाहिले. एक, नाल्यापलीकडची वीझल बदलून डॉग टाकली. दुसरा, एका मोठ्या डीपीऐवजी ११ केव्हीची लाईन थेट बांधापर्यंत नेऊन दोन-दोन शेतकऱ्यांना एक छोटी डीपी दिली. या दुसऱ्याला उच्चदाब वितरण प्रणाली म्हणतात. महाराष्ट्रात २०१८ पासून नव्या कृषिजोडण्यांसाठी ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. त्यात ४३३ व्होल्टची लांब तारच उरत नाही, वीजचोरीसाठी आकडा टाकायला जागा उरत नाही आणि डीपी दोघांचीच असल्यामुळे तिची निगा दोघं राखतात. मॉडेलमध्ये दुसऱ्या इलाजानं व्होल्टेज जास्त सुधारलं. खर्च मात्र त्याचाच जास्त.

तिसरा इलाज सध्या सगळ्या गावांत चर्चेत आहे, तो सूर्याचा. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, फार मोठी आवृत्ती आली. कल्पना अशी, की शेतीला वीज देणाऱ्या उपकेंद्राच्या जवळच काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीला दिवसा वीज द्यायची. रात्रीची पाळी संपेल, बिबट्याची भीती जाईल, ‘ऑटो’ची गरज उरणार नाही. मी या योजनेच्या बाजूचा आहे. मात्र तिच्यामुळे भाचीच्या मॉडेलमध्ये एक नवीच गोष्ट घडली. तिनं डिसेंबर निवडला, बागा ताणावर, मोटारी बंद; आणि उपकेंद्राशेजारी पाच मेगावॉटचा सौर प्रकल्प घातला. ऊन कडक, वीज घेणारं कुणी नाही. वीज उलटी वाहू लागली, ११ वरून ३३ कडे, ३३ वरून १३२ कडे, आणि जिथे जन्मभर व्होल्टेज पडत आलं तिथे ते चढलं. आजवर वीज वरून खाली येणार या गृहीतावर आपल्या खेड्यांतली संरक्षक साधनं बसवली गेली, फ्यूज ठरले, रिले लावले. आता ती दोन्हीकडे वाहणार. आंबियाचा ताण कधी सुरू होतो हे सौर प्रकल्पाच्या आराखड्यातही लिहावं लागणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेकडे निघालो, अकोल्याकडे. वाटेत जाळ्याच्या वरच्या पायऱ्या एकेक दिसत जातात : ३३ केव्हीचे खांब, १३२ चे मनोरे, मग २२०, ४०० चे. आणि अकोल्याच्या परिसरात ७६५ केव्हीच्या लाईन. तिरोडा, कोराडी, अकोला, छत्रपती संभाजीनगर अशी ही विजेची धमनी विदर्भ आडवा कापत जाते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, तिरोडा, नांदगावपेठ, पारस. राज्याच्या औष्णिक विजेचा मोठा हिस्सा विदर्भात बनतो आणि वापर पश्चिमेला जास्त. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत तर १९९९ पासून ७५२ किलोमीटरची डीसी लाईन १,५०० मेगावॉट वाहून नेते. राख-धूर आम्हाला आणि वीज त्यांना, ही वैदर्भीय माणसाची जुनी सल आहे आणि ती खरी आहे. तरी जाळ्यात जोडलेलं असण्याचा फायदाही विसरता येत नाही : एखादा संच बंद पडला की शेकडो कोसांवरून वीज धावून येते.

हे सगळं चालतं एका आकड्यावर, सेकंदाला पन्नास आवर्तनं. मागणी वाढली की फिरणारी सगळी जनित्रं किंचित मंदावतात, घटली की किंचित वेग घेतात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत देशाचं जाळं एका तालावर आलं. शेंदूरजनाघाटात मोटार उठली की तिचा सूक्ष्म धक्का त्याच क्षणी साऱ्या देशाच्या जनित्रांना जाणवतो. एकीचा नगण्य, लाखोंचा नाही. वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात कोण किती वीज बनवणार, कोण किती घेणार हे आदल्या दिवशीच ठरतं. राज्यासाठी हे काम ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र करतं, विदर्भाची बाजू नागपूरचं अंबाझरीचं केंद्र सांभाळतं. हा ताल तुटला तर काय होतं ते देशानं जुलै २०१२ मध्ये पाहिलं. ३० तारखेला उत्तरेचं जाळं कोसळलं आणि ३१ ला उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही. सुरुवात झाली ती बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या एका लाईनवर भार अतोनात वाढल्यानं. पश्चिमेचं जाळं, म्हणजे आपलं, तेव्हा तगलं.

संध्याकाळी पारसला पोचलो. बाळापूर तालुक्यातलं हे गाव मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे आणि केंद्र स्टेशनातूनच दिसतं. इथे साठच्या दशकापासून वीज बनते. जुने छोटे संच निवृत्त झाले. २००८ आणि २०१० मध्ये आलेले अडीचशे मेगावॉटचे दोन संच आता चालतात. फलाटावर उभं राहून भाचीनं वही काढली आणि आकृतीतल्या बाणाच्या आकड्याशेजारी लिहिलं : पाण्याची खोली, बहार, तारेची जात, प्रत्यक्ष एचपी. मग वर पारसच्या चौकोनाजवळ पेन नेऊन थांबली. “मामा, शेती दिवसा सौरवर गेली, तर दुपारी हे काय करणार?”

आज या क्षेत्रातला सगळ्यात कळीचा प्रश्न हाच आहे. कोळशाचा संच पाहिजे तितका खाली उतरत नाही. सध्या ५५ टक्के हे साधारण तळाचं प्रमाण मानतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी ते टप्प्याटप्प्यानं ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं आहे. म्हणजे पारसच्या अडीचशेच्या संचाला भर दुपारी शंभरपर्यंत उतरायचं आणि सूर्य कलला, गावागावात दिवे लागले की पुन्हा अडीचशेकडे चढायचं. तेही रोज, मिनिटाला ठरावीक टक्क्यांच्या चालीनं. बॉयलरच्या जाड पोलादाला हे तापणं-निवणं मानवत नाही, त्याचं आयुष्य घटतं, दुरुस्ती वाढते. दुपारची जास्तीची वीज साठवायची तर बॅटऱ्या हव्यात किंवा घाटघरसारखे, खालचं पाणी पुन्हा वर चढवणारे प्रकल्प हवेत; घाटघरची क्षमता अडीचशे मेगावॉट, पारसच्या एका संचाएवढी. आणि एक उपाय बागेतच आहे : ज्या दुपारी सूर्य जास्त, त्या दुपारी पाणी द्यायचं, शेततळी भरून ठेवायची, मोटारी टप्प्याटप्प्यानं उठवायच्या. त्यासाठी अंबाझरीच्या पडद्यावर शेंदूरजनाघाटचा ताण कधी तुटणार हे दिसलं पाहिजे. भाचीनं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेतलाय आणि आंबियाच्या पुढच्या ताणापासून ती त्या उपकेंद्राची लॉगशीट उतरवून घेणार आहे.